अमेरिका-कॅनडा लाकडाचं टॅरिफ: बातमीतला टक्का आणि खरा भरायचा टक्का यातला फरक कसा काढायचा

"कॅनडाच्या लाकडावर ४५ टक्के टॅरिफ" अशी हेडलाइन आली की लगेच लोक हिशोब मांडायला बसतात, घर इतकं महाग होणार, अमुक कंपनी बुडणार वगैरे. पण हा ४५ चा आकडा एका शुल्काचा नाहीच, तीन वेगवेगळी शुल्कं एकत्र करून तो बनलाय, त्यातली दोन एका कायद्याखाली आणि तिसरं वेगळ्याच कायद्याखाली लागतं, आणि ती दोन तर कंपनीप्रमाणे बदलतात. म्हणून या विषयात नवीन असाल, इंपोर्टच्या ऑफिसात नुकतेच लागला असाल किंवा अमेरिकेत घर बांधताय आणि कॉन्ट्रॅक्टर टॅरिफचं नाव घेऊन भाव वाढवतोय, तर आधी क्रम शिकून घ्या, टक्का सगळ्यात शेवटी बघायचा. त्याच्या आधी माल कुठला, कुणी बनवला, कुठल्या प्रांतातला, कुठल्या कायद्याखाली आणि पैसे अनामत आहेत की फायनल, एवढं विचारायचं.

पायरी १: नक्की कुठलं लाकूड ते ठरवा

जगभरात कस्टम्स एकच सहा आकडी कोड पद्धत वापरतं, त्यात लाकूड ४४ नंबरच्या प्रकरणात येतं. ४४०३ म्हणजे कच्चे ओंडके, ४४०७ म्हणजे चिरलेलं लाकूड, ६ मिलिमीटरपेक्षा जाड. ४४०९ मध्ये खाचा पाडलेल्या, कडांना आकार दिलेल्या पट्ट्या येतात, ४४१० पार्टिकल बोर्ड, ४४११ एमडीएफसारखे फायबरबोर्ड, ४४१२ प्लायवुड, ४४१८ दारं-खिडक्या आणि बांधकामातलं सुतारकाम. फर्निचर तर ४४ मध्ये नाहीच, ते ९४ मध्ये जातं. अमेरिकेत याच कोडला पुढे आणखी आकडे जोडून दहा आकडी कोड होतो, आणि प्रत्यक्ष कागदावर तोच लिहावा लागतो.

अमेरिका-कॅनडाचं सगळं भांडण मुख्यतः ४४०७ वर आहे आणि त्यातही फक्त सॉफ्टवुडवर, म्हणजे पाइन, स्प्रूस, फर, हेमलॉक, सीडर अशी सूचीपर्णी झाडं. ओक, मेपल हे हार्डवुड, त्यांचा या जुन्या वादाशी संबंध नाही. बांधकामाला जो माल सगळ्यात जास्त लागतो त्याला बाजारात एसपीएफ म्हणतात, स्प्रूस-पाइन-फरचं मिश्रण, आणि तो इतका मोठा धंदा आहे की २०२२ च्या कोड बदलात त्याला ४४०७.१३ असा स्वतःचा नंबर मिळाला.

पण एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. कोडवरून फक्त नेहमीचं शुल्क कळतं, अँटी-डंपिंग आणि काउंटरव्हेलिंग शुल्क (ही काय ते पायरी २ मध्ये येतं) मात्र कोडवरून ठरत नाही तर शुल्क लावणाऱ्या सरकारी आदेशात मालाचं जे शब्दात वर्णन लिहिलंय त्यावरून ठरतं. म्हणजे कोड यादीत दिसतो पण वर्णनात माल बसत नाही असं होऊ शकतं, आणि उलटंही होतं. जोडून पूर्ण झालेले पॅलेट, गॅरेजची दारं, आय-जॉइस्ट (इंग्रजी I आकाराच्या तयार तुळया), तयार फर्निचर असल्या गोष्टी आदेशातून बाहेर ठेवल्यात. अमेरिकेतलंच लाकूड कॅनडात फक्त भट्टीत वाळवायला किंवा रंधा मारायला पाठवलं आणि परत आणलं तर तेही ठरावीक अटींवर बाहेर आहे. शंका असेल तर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याकडे स्कोप रूलिंग, म्हणजे माल आदेशात बसतो की नाही याचा निर्णय, मागता येतं. कस्टम्सचं काम करून देणारा ब्रोकर "चालतंय हो" म्हणाला म्हणून पुढे जाऊ नका, कारण नंतर वसुली निघाली तर ती ब्रोकरवर नाही, इंपोर्टर म्हणून ज्याचं नाव लागलंय त्याच्यावर निघते.

पायरी २: तीन शुल्कं वेगवेगळी काढा

ही पायरी नीट समजली की बाकीचं सोपं जातं, म्हणून इथे जरा वेळ घालवूया.

पहिलं काउंटरव्हेलिंग शुल्क. याच्या मुळाशी स्टम्पेज आहे. कॅनडात बहुतेक जंगल सरकारी मालकीचं आहे, जमीन प्रांत सरकारच्या ताब्यात, आणि कंपनी झाड तोडते तेव्हा प्रांताला जी फी भरते ती स्टम्पेज. ही फी प्रांत स्वतःच्या फॉर्म्युल्याने ठरवतो. अमेरिकेत मात्र बराच माल खाजगी जमिनीवरचा, भाव बाजारात ठरतो. अमेरिकन सॉ मिलवाल्यांचं म्हणणं असं की प्रांत झाडं स्वस्तात देतात म्हणजे ती छुपी सबसिडीच झाली, आणि कॅनडाचं म्हणणं की आमची पद्धत वेगळी आहे, सबसिडी नाही. चाळीस वर्षं हाच वाद चाललाय. सबसिडी किती हे अमेरिकेचं वाणिज्य खातं मोजतं आणि तेवढाच टक्का शुल्क म्हणून लावतं.

दुसरं अँटी-डंपिंग. यात सरकारचा संबंध नाही, कंपनी स्वतः अमेरिकेत माल घरच्या भावापेक्षा किंवा उत्पादन खर्चापेक्षा कमी भावाने विकतेय का ते बघतात. किती फरक निघतो तेवढं शुल्क.

ही दोन्ही लागायची तर आणखी एक अट असते, अमेरिकन उद्योगाला खरंच नुकसान झालं किंवा होण्याचा धोका आहे हे इंटरनॅशनल ट्रेड कमिशनने मान्य करायला हवं. म्हणजे टक्का एक खातं काढतं, नुकसान दुसरी संस्था ठरवते. सध्याच्या केसमध्ये तक्रार नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली, नुकसान डिसेंबर २०१७ मध्ये मान्य झालं आणि आदेश जानेवारी २०१८ मध्ये निघाले. कागदपत्रं शोधायची असतील तर केस नंबर लिहून ठेवा, अँटी-डंपिंग ए-१२२-८५७ आणि काउंटरव्हेलिंग सी-१२२-८५८, यातलं १२२ म्हणजे कॅनडा.

तिसरं शुल्क अगदी वेगळ्या जातीचं, कलम २३२. हा १९६२ च्या ट्रेड एक्सपान्शन कायद्यातला अधिकार, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन राष्ट्राध्यक्ष टॅरिफ लावू शकतात. इथे सबसिडी सिद्ध करा, डंपिंग दाखवा असलं काही लागत नाही. लाकडावरची ही चौकशी मार्च २०२५ मध्ये सुरू झाली, सप्टेंबरच्या शेवटी घोषणापत्र निघालं आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून सॉफ्टवुडच्या लाकडावर १० टक्के, गादीवाल्या लाकडी फर्निचरवर २५ टक्के आणि किचन कॅबिनेट, बाथरूमच्या व्हॅनिटीवर २५ टक्के लागायला लागले. आणि हे फक्त कॅनडाला नाही, सगळ्या देशांना आहे, काही देशांना करारामुळे सूट आहे, म्हणजे ब्रिटनला या मालावर १० च्या वर जात नाही, युरोपियन युनियन आणि जपानला १५ च्या वर नाही. फर्निचरचं ३० आणि कॅबिनेटचं ५० टक्के व्हायचं होतं १ जानेवारी २०२६ ला, पण आदल्या दिवशी ते एक वर्ष पुढे ढकललं. म्हणून जुना लेख वाचून ५० टक्के धरून बसलेले लोक अजून भेटतात.

तर पहिली दोन शुल्कं कॅनडाच्या मालावर, तिसरं जवळजवळ सगळ्यांवर. हेडलाइनमध्ये तिन्हीची बेरीज येते.

पायरी ३: माल कुणी बनवला आणि झाड कुठे तोडलं ते विचारा

अँटी-डंपिंग आणि काउंटरव्हेलिंगचे दर कंपनीनुसार असतात. दरवर्षी काही मोठ्या कंपन्यांचे हिशोब तपासतात, त्यांचा स्वतःचा दर निघतो, आणि बाकी सगळ्यांना सरासरीसारखा एक दर. ऑगस्ट २०२५ मध्ये जो निकाल लागला त्यात बाकीच्यांचा दर अँटी-डंपिंग २०.५६ आणि काउंटरव्हेलिंग १४.६३, मिळून ३५.१९ टक्के आला. पण त्याच निकालात वेस्ट फ्रेझर कंपनीचा एकत्र दर साधारण २६ टक्के आणि कॅनफोरचा साधारण ४७ टक्के. दोघंही ब्रिटिश कोलंबियातले, दोघंही तेच एसपीएफ विकतात, आणि तरी फरक २० टक्क्यांच्या वर. त्यामुळे "कॅनडाच्या लाकडावर किती टॅरिफ" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, कुणाचा माल ते कळल्याशिवाय आकडा सांगू नका.

प्रांतानेही फरक पडतो. अटलांटिक किनाऱ्यावरचे नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर हे तीन प्रांत काउंटरव्हेलिंगच्या आदेशातून बाहेर आहेत, तिथलं लाकूड तिथेच तोडून तिथेच चिरलेलं असल्याचं सर्टिफिकेट असेल तर. अँटी-डंपिंग मात्र त्यांनाही आहे. न्यू ब्रन्सविक शेजारीच असून २०१७ मध्ये त्याला ही सूट मिळाली नाही, तिथल्या छोट्या मिलवाल्यांना हे फार लागलं आणि मला त्यांचं वाईट वाटतं, कारण भावाच्या लढाईत त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं.

पायरी ४: हिशोब मांडा, आणि टक्क्यावर टक्का लावू नका

समजा सीमेवर मालाची घोषित किंमत १,००,००० डॉलर आहे आणि मिल "बाकी सगळे" गटातली आहे. नेहमीचं शुल्क शून्य, कारण चिरलेल्या सॉफ्टवुडवर अमेरिकेचं साधं आयात शुल्क नाहीच. अँटी-डंपिंग २०,५६० डॉलर. काउंटरव्हेलिंग १४,६३०. कलम २३२ चे १०,०००. एकूण ४५,१९० डॉलर. तिन्ही टक्के मूळ किमतीवरच लागतात, एक लावून झाल्यावर वाढलेल्या रकमेवर दुसरा लावायचा नाही. हा घोळ फार जण करतात आणि मग आकडा भलताच फुगतो.

तोच माल नोव्हा स्कोशियाचा सर्टिफिकेटवाला असेल तर १४,६३० गेले, म्हणजे ३०,५६० डॉलर. आणि हार्डवुड असेल तर ही तिन्ही लागतच नाहीत.

आता हे एका फळीपर्यंत आणूया. अमेरिकेत लाकूड बोर्ड फूटमध्ये मोजतात, एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, म्हणजे १४४ घन इंच, आणि बाजारातला भाव हजार बोर्ड फुटांचा सांगतात. मापं नावापुरती धरतात, टू-बाय-फोर म्हणतात ती फळी रंधा मारून प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते पण हिशोब दोन बाय चारनेच होतो. आठ फुटी टू-बाय-फोर म्हणजे ५.३३ बोर्ड फूट. सीमेवरचा भाव हजाराला ४०० डॉलर धरून चला, तर फळीची किंमत २.१३ डॉलर आणि ४५.१९ टक्क्यांनी शुल्क साधारण ९६ सेंट. कॉन्ट्रॅक्टर एका फळीमागे टॅरिफचे म्हणून तीन डॉलर लावत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा, आणि लाकूड नक्की कुठून आलंय तेही विचारा.

शुल्क टक्क्यात असल्यामुळे महाग लाकडाला जास्त फटका बसतो हेही बघा. वेस्टर्न रेड सीडर घराच्या बाहेरच्या भिंतीला, डेकला वापरतात, तो एसपीएफपेक्षा पुष्कळ महाग, आणि तक्रारीतला सगळा वाद भिंतीच्या आत जाणाऱ्या स्वस्त फळ्यांचा असताना सीडरवाले प्रत्येक बोर्ड फुटामागे कित्येक पट शुल्क भरतात. त्यांची तक्रार मला तरी रास्त वाटते.

पायरी ५: भरलेले पैसे फायनल आहेत का?

अँटी-डंपिंग आणि काउंटरव्हेलिंगच्या बाबतीत बहुतेक वेळा नाही. अमेरिकेची पद्धत अशी की माल आला तेव्हा जो दर चालू असेल त्याने अनामत भरून घेतात, आणि खरा दर किती हे नंतर वार्षिक आढाव्यात ठरतं. खरा दर कमी निघाला तर व्याजासकट परत, जास्त निघाला तर व्याजासकट आणखी भरा. म्हणजे माल विकून, पैसे वाटून दोन वर्षं झाल्यावर बिल येऊ शकतं. त्यातून वर खटले आणि पॅनेल (व्यापार करारांखाली तंटे ऐकणारी मंडळं) चालू असले की हिशोब बंदच होत नाही, म्हणून २०१७ पासूनचे अब्जावधी डॉलर अनामत म्हणून अमेरिकेच्या कस्टम्सकडे अडकून आहेत.

आता यातली खरी गंमत, म्हणजे मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आढावा जुन्या वर्षाचा असतो. ऑगस्ट २०२५ चा निकाल हा २०२३ मधल्या विक्रीवर आधारलेला होता. आता मागचे सगळे निकाल ओळीने बघा. २०१७-१८ च्या विक्रीवर दर आला ८.९९ टक्के, २०१९ वर १७.९१, २०२० वर ८.५९, २०२१ वर ८.०५, २०२२ वर १४.४०, २०२३ वर ३५.१९. ज्या वर्षी लाकडाचा भाव चढा होता, म्हणजे २०२० चा उत्तरार्ध आणि २०२१, जेव्हा हजार बोर्ड फुटांचा वायदा मे २०२१ मध्ये १,६०० डॉलरच्याही वर गेला होता, त्या वर्षांचे दर कमी. आणि भाव पडलेली वर्षं, २०१९ आणि २०२३, त्यांचे दर चढे. कारण सरळ आहे, भाव पडला की मिल खर्चाच्या खाली विकते, खर्चाखालची घरची विक्री तुलनेतून काढून टाकतात, आणि मग डंपिंगचा फरक मोठा दिसतो. भावाबरोबर सबसिडीचा टक्काही हलतो, कारण भागायला विक्रीची रक्कमच कमी असते.

म्हणजे शुल्क दोन वर्षं मागून चालतं. मिल अडचणीत असते त्या वर्षाचा दर नंतर येतो, आणि तो येतो तेव्हा बाजार कसाही असू शकतो, २०२५ मध्ये घरबांधणी थंड होती आणि नेमका तेव्हाच ३५ टक्के येऊन पडला. हे कळलं की पुढच्या दराचा अंदाज तुम्हीही बांधू शकता, मागच्या वर्षांचे लाकडाचे सरासरी भाव काढा, पडलेले असतील तर चढा दर येईल असं धरून पैसे बाजूला ठेवा.

कलम २३२ मात्र असं नाही. ते भरलं की भरलं, वार्षिक आढावा नाही.

पायरी ६: पैसे कोण भरतं, आणि भार कोण सोसतं

कागदावर इंपोर्टर भरतो. "कॅनडा भरतो" हे वाक्य कस्टम्सच्या दृष्टीने चुकीचं आहे, सरकार भरत नाही. पण लाकडाच्या धंद्यात एक खास गोष्ट आहे, बऱ्याच कॅनेडियन मिल अमेरिकेत स्वतःच इंपोर्टर म्हणून नाव लावतात आणि गिऱ्हाइकाला माल शुल्क भरून पोचवतात. त्यामुळे अनामत त्यांच्याच खिशातून जाते. मग त्यातलं किती भावात वसूल होतं ते बाजारावर. मागणी जोरात असेल तर घर बांधणारा भरतो, मंदी असेल तर मिल सोसते आणि शेवटी शिफ्ट बंद करते.

अमेरिकेला लागणाऱ्या सॉफ्टवुडपैकी साधारण पाव हिस्सा कॅनडातून येतो. तो एका रात्रीत बदलता येत नाही, अमेरिकेच्या दक्षिणेकडे सदर्न यलो पाइन भरपूर आहे पण भिंतीच्या फ्रेमला बरेच बिल्डर एसपीएफच मागतात कारण ते हलकं असतं आणि वाकडं कमी होतं. म्हणून अमेरिकेतली घरबांधणी करणाऱ्यांची संघटना या शुल्काच्या विरोधात आणि सॉ मिलवाल्यांची युती बाजूने, दोघंही अमेरिकनच. पलीकडेही तसंच गुंतलेलं आहे, कॅनफोर, वेस्ट फ्रेझर, इंटरफोर या कॅनेडियन कंपन्यांच्या अमेरिकेच्या दक्षिणेत स्वतःच्या मिल आहेत, तिथे त्यांना चढ्या भावाचा फायदाच होतो. ज्यांच्याकडे एकच मिल आहे, एकाच गावात आहे, त्यांना हा रस्ता नाही, आणि मिल बंद झाली की त्या गावात दुसरं काम नसतं. ब्रिटिश कोलंबियात तर त्याआधीच पाइन बीटल किड्याने जंगलं खाल्ली, मग वणवे, तोडायला झाडंच कमी उरली, त्यामुळे तिथल्या प्रत्येक बंद मिलचं खापर टॅरिफवर फोडणंही बरोबर नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडा सरकारने उद्योगासाठी १.२ अब्ज कॅनेडियन डॉलरची मदत जाहीर केली, त्यात ७० कोटींची कर्जहमी. इथे एक पेच आहे तो नवीन माणसाने समजून घ्यावा, सरकारने दिलेली मदत पुढच्या आढाव्यात अमेरिका सबसिडी म्हणून मोजू शकते, म्हणून प्रत्येक मदत देताना दहा वेळा विचार करावा लागतो.

पायरी ७: कागद

यात फार खोलात जात नाही, ब्रोकर करून देतो, पण काय काय असतं ते माहीत हवं.

अँटी-डंपिंग किंवा काउंटरव्हेलिंग लागणारा माल कस्टम्समध्ये ०३ टाइपच्या एंट्रीने दाखवावा लागतो, साध्या ०१ ने नाही, आणि दोन्ही केस नंबर कंपनीच्या कोडसकट लिहायचे. माल सुटल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ७५०१ नंबरचा फॉर्म आणि पैसे. कस्टम्स बाँड, म्हणजे शुल्क भरण्याची हमी, लागतो, वर्षभराचा बाँड किमान ५०,००० डॉलरचा आणि नाहीतर मागच्या वर्षी भरलेल्या शुल्काच्या १० टक्के. दर वाढले की बाँडही वाढतो आणि बाँड कंपनी तारण मागते, छोट्या इंपोर्टरचं खेळतं भांडवल इथेच अडकतं, शुल्काइतकंच हे दुखतं पण बातमीत कधी येत नाही.

लेसी कायद्याखाली, म्हणजे बेकायदा मिळवलेल्या वन्यजीवांचा आणि वनस्पतींचा व्यापार रोखणाऱ्या अमेरिकन कायद्याखाली, झाडाची जात आणि ते कुठल्या देशात तोडलं ते जाहीर करावं लागतं, २००८ पासून झाडांनाही हा कायदा लागू आहे. आणि एक अगदी छोटा कागद, जो विसरला तर दुप्पट भुर्दंड बसतो: एक्स्पोर्टर तुमचं अँटी-डंपिंग शुल्क तुम्हाला परत देत नाहीये असं लिहून द्यावं लागतं. दिलं नाही तर तो परत देतोय असंच धरतात आणि अँटी-डंपिंगची रक्कम दुप्पट होऊ शकते. "ड्युटीचं आपण नंतर बघून घेऊ" असा मेल विक्रेत्याकडून आला असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय उत्तर देऊ नका.

पायरी ८: इतिहास थोडा तरी वाचा, कारण तो परत परत तसाच घडतो

पहिली तक्रार १९८२ ची, १९८३ मध्ये अमेरिकेनेच सांगितलं की शुल्क लावण्यासारखी सबसिडी नाही. १९८६ मध्ये दुसरी तक्रार, यावेळी निकाल उलटा लागायला लागला तेव्हा तडजोड झाली आणि कॅनडाने स्वतःच निर्यातीवर १५ टक्के कर लावला, म्हणजे पैसा निदान कॅनडात राहिला. १९९१ मध्ये कॅनडाने ती तडजोड सोडली, लगेच तिसरी केस, ६.५१ टक्के शुल्क, पॅनेलमध्ये कॅनडा जिंकला आणि १९९४ मध्ये पैसे परत. १९९६ चा करार पाच वर्षांचा, त्यात वर्षाला १४.७ अब्ज बोर्ड फुटांपर्यंत माल विनाकर. तो २००१ मध्ये संपला, चौथी केस, मे २००२ मध्ये सरासरी २७.२२ टक्के. २००६ मध्ये करार, २०१५ मध्ये तोही संपला, एक वर्ष शांततेचं, आणि पाचवी केस, जी आज चालू आहे.

२००६ चा भाग नीट बघण्यासारखा आहे. तोवर ५ अब्ज डॉलरच्या वर अनामत जमली होती, करारात त्यातले साधारण ४ अब्ज परत मिळाले आणि १ अब्ज अमेरिकेत राहिले, त्यातले ५० कोटी तर तक्रार करणाऱ्या मिलवाल्यांनाच गेले. खटल्यांमध्ये कॅनडाच्या बाजूने बरेच निकाल लागलेले असताना एवढी रक्कम सोडून दिली, याचा राग तिथे अजून आहे. आज परत करार करायचा म्हटलं तर टेबलावर हाच प्रश्न येणार, साठलेल्या अनामतीचं वाटप कसं.

कुठल्या तारखांवर लक्ष ठेवायचं

अलीकडच्या वर्षांत साधारण उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, आढाव्याचा फायनल निकाल आलाय, आणि तो फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी राजपत्रात, छापला गेला की त्या दिवसापासून नवीन अनामत दर. प्राथमिक निकाल त्याच्या काही महिने आधी येतो, त्यावर सौदे करू नका, फायनलमध्ये आकडा हलतो. १ जानेवारी २०२७ ला फर्निचर आणि कॅबिनेटची पुढे ढकललेली वाढ आहे. आणि अमेरिका-मेक्सिको-कॅनडा कराराचा आढावा, तो १ जुलै २०२६ साठी ठरलेला आहे, लाकडाचा दर त्यात ठरत नाही पण या शुल्कांविरुद्ध पॅनेलमध्ये जाण्याची सोय त्याच कराराच्या दहाव्या प्रकरणात आहे, ती हलली तर कॅनडाच्या मिलना फक्त अमेरिकन कोर्ट उरतं.

सौद्याचा कागद करताना मात्र हे सगळं धरून दोन ओळी घालाच, बाकी काही विसरलात तरी चालेल. एक, मधल्या काळात दर बदलला तर वाढ कोण सोसणार आणि ती कुठल्या तारखेपासून, ऑर्डरच्या, गाडी निघाल्याच्या की एंट्रीच्या, कारण कस्टम्स एंट्रीची तारीख बघतं आणि गाडी रस्त्यात असताना दर बदलतो. दोन, अनामत उद्या व्याजासकट परत आली तर ती कुणाची. कस्टम्स ती इंपोर्टर म्हणून नाव लागलेल्यालाच देतं, भावात चढवून खरा भार गिऱ्हाइकाने सोसला असला तरी, आणि पैसे यायला पाच-सात वर्षं लागली तर तोवर माणसं बदललेली असतात, कंपनी विकलेली असते, तेव्हा कुणाच्या लक्षात काय ठरलं होतं ते राहत नाही, जे लिहिलंय तेवढंच उरतं.